समोरच्याच्या बाजूने

४ फेब्रुवारी

भोवऱ्या,

फोनवर तू कायम कुठल्यातरी जिन्यावर असतोस, आणि "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" एवढं बोलूनच माझा दम संपतो. म्हणून कागद. कागद निदान खिशात घालून हिंडशील आणि कधीतरी वाचशील.

मावशीचा धोका टळला. उजवी बाजू मात्र गेली ती गेलीच, आणि वाचाही. "अं" आणि "नं", एवढे दोन आवाज उरलेत. डोळे शाबूत आहेत, सगळं कळतं तिला, तेच जास्त कठीण जातं. रोज संध्याकाळ झाली की काहीतरी सांगायला बघते. मी पाणी, उशी, खिडकी, भांडं, सगळं पुढे करून बघते. मग ती भिंतीकडे तोंड फिरवते आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. न बोलणाऱ्या मुलांना शिकवण्यात जन्म गेला तिचा, आणि आता ही दशा.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, ओळखीची चित्रं दाखवून बघा. ओळखीची म्हणजे काय, तिने स्वतः काढलेली पेटीभर कार्डं होती की! पण ती पेटी गेल्या वर्षी तुझ्याच नादाने तुझ्या ग्रंथालयाला देऊन बसले मी. मूळ कार्डं बाहेर देत नसतील तर नकला पाठव. तिने गड्ड्या बांधल्या होत्या तशाच हव्यात, त्याच क्रमाने.

हॉस्पिटलवाले आता खाट मोकळी करा म्हणतायत. मग एकतर माझं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नाहीतर ते शुश्रूषागृह. मला हे तिलाच विचारायचंय. तिच्याबद्दलचा निर्णय तिला न विचारता घ्यायचा नाहीये मला. म्हणून घाई कर. तुझी घाई नको, माझी घाई कर.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. खरोखरच खिशात घालून हिंडलो, पण वाचून मग हिंडलो.

इकडे बरं चाललंय. आमची खोली तळघरात आहे, भिंती काळ्या रंगवलेल्या, कारण पांढऱ्या भिंतीचा उजेड चित्रावर पडतो. मधोमध टेबल, वर खांबाला टांगलेला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे. दिवसभर एक कार्ड ठेव, काच टेकव, खटका दाब, काच उचल, पुढचं ठेव. पहिल्या आठवड्यात वाटलं, वा, काय शांत काम आहे. आता झोपेतही माझा हात काच उचलतो. दुपारी बाहेर आलो की उन्हात डोळे मिटून उभा राहतो, घुबडासारखा. समोर एक किल्ल्या बनवणारा बसतो, तो मला खरंच घुबड म्हणतो. त्याच्याकडे बिनकुलपाच्या किल्ल्यांचा ढीग आहे, तो टाकवत नाही म्हणतो. असो, ते नंतर.

तर मावशीची कार्डं. सगळी स्कॅन करून झाली, झपाट्याने झाली. कप, दार, छत्री, कुत्रा, बस, खाट. तुझं कार्ड सापडलं, "मुलगी". एक वेणी वर, एक खाली, आणि तोंड असं की आत्ता ओरडशील. माझंही सापडलं. "मुलगा", एकच पाय. आठवतं ना, मी मिनिटभरही उभा राहिलो नव्हतो आणि ती म्हणाली होती, जेवढा थांबलास तेवढा काढला. तिच्या शाळेतली मुलं म्हणे खुणांनी विचारायची, याचा दुसरा पाय कुठेय? ती बोट दाखवायची खिडकीबाहेर.

नकला लवकरच पाठवतो. क्रमाचं थोडं काम बाकी आहे, कॉम्प्युटरच्या बाजूचं. तू काळजी करू नकोस.

आणखी एक. माझ्या एका मित्राला पवनचक्क्या रंगवायचं काम मिळालंय, उंच टेकाडांवर, दोरीला लटकून. पुढच्या महिन्यात ये म्हणतो. तळघरातून थेट आकाशात! विचार करतोय. मावशीला माझा नमस्कार सांग, ऐकू तर येतं ना तिला.

भोवरा


१४ फेब्रुवारी

भोवऱ्या,

क्रमाचं कसलं रे काम? गड्ड्या तिने बांधलेल्या होत्या. एकेका मुलाची एकेक गड्डी, वर नाडी, नाडीला त्या मुलाच्या शर्टाचं बटण. पहिल्या दिवशी शिकवलेलं कार्ड सगळ्यात वर, मग दुसरं, मग तिसरं. उचलायचं, त्याच ओळीने छापायचं. यात कॉम्प्युटरची बाजू आली कुठून?

तू "काळजी करू नकोस" लिहिलंस की मला काळजी वाटायला लागते. लहानपणी घड्याळ उघडून ठेवलं होतंस तेव्हाही हेच म्हणाला होतास.

पवनचक्क्यांबद्दल काही बोलत नाही. तुझं आकाश, तुझी दोरी. मी दुकानातून सुटले की इथे, इथून घरी, अंघोळ, पुन्हा दुकान. परवा गिऱ्हाईकाला कापड मोजून देताना उभ्या उभ्या डुलकी लागली.

मावशीने तुझ्या नमस्काराला "नं" म्हटलं. याचा अर्थ काय लावायचा तो लाव.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

बस आणि मग वाच.

गड्ड्या मी सोडल्या. कार्डं लहानमोठी आहेत. काही हाताएवढी, काही वहीएवढी, काही बुटांच्या खोक्याच्या झाकणांवर काढलेली. आकार बदलला की कॅमेरा खांबावर वरखाली करायचा, चाक फिरवायचं, नजर पुन्हा लावायची, रंग ताडून बघायची पट्टी पुन्हा ठेवायची. कंटाळा आला गं. मग मी सगळ्या गड्ड्या सोडल्या आणि मोठी मोठ्यांत, छोटी छोट्यांत असे ढीग केले. काम उडत झालं. आणि ढिगातून हाताला आली त्या ओळीने फायलींना आकडे देऊन टाकले. नाड्या आणि बटणं वेगळ्या डब्यात नीट गुंडाळून ठेवलीत. आता हसू नकोस, पण डबा फार छान भरलाय.

इथे सूचीचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, सगळे त्यांना सूचीबाई म्हणतात. त्यांना कळलं तेव्हा ओरडतील म्हणून मी दाराजवळच उभा होतो. ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढली, मला समोर बसवलं आणि माझा कप आपल्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हा काय आहे?" कप. मग शेजारी किल्ली ठेवली, मग चष्मा. "आता कप कितवा?" पहिला. मग चष्मा उचलून या टोकाला आणला. "आता?" दुसरा. "कप बदलला का?" नाही. "मग तू कपावर 'एक' असं लिहून ठेवलंस ते कशासाठी?"

मग त्यांनी समजावलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. कार्ड ही एक वस्तू. गड्डी ही दुसरी वस्तू, तिलाही स्वतःची नोंद हवी. आणि कुठल्या गड्डीत कुठलं कार्ड कितवं, ही तिसरीच गोष्ट, ती कार्डाच्या कपाळावर कोरायची नसते, वेगळी ठेवायची. कारण एकच कप या मुलाचा पहिला शब्द असेल, त्या मुलाचा शेवटचा. मूल शाळेतून गेलं की मावशी त्याची कार्डं दुसऱ्याच्या गड्डीत घालायची ना? म्हणजे एका कार्डाने कितीतरी ओळी बघितल्या असणार. ओळ मोडली तर नुसत्या चित्रांवरून ती परत जुळवता येत नाही. ग्रंथालयात पानं जपणं सोपं, पानामागून पान कुठलं ते जपणं अवघड, असं त्या म्हणाल्या. फार दमलेल्या असतात त्याही.

आता आम्ही दोघं लागलोय. नाडीचा वळ कार्डावर उमटलाय, त्यावरून काही गड्ड्या जुळल्या. बाकीच्या जुळतील असं खोटं बोलत नाही. आणखी एक वेडेपणा केला होता. जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला तपकिरी डाग आहे, तो मी मळ म्हणून पडद्यावर कापून टाकला होता. सूचीबाईंनी तेही सगळं परत करायला लावलं. "मळसुद्धा आपला नाही," म्हणाल्या.

सोबत सगळ्या कार्डांच्या नकला पाठवतोय, सुट्या. डागासकट. ओळ नाही. तुला हवी होती ती एकच गोष्ट माझ्याकडे नाही. खूप शिव्या दे, पण कार्डं दाखव तिला.

भोवरा


२७ फेब्रुवारी

भोवऱ्या,

शिव्या द्यायला बसले होते, जांभई आली. राहू दे.

नकला मिळाल्या. पहिल्या दिवशी मावशीने नुसता हात फिरवला त्यांच्यावरून, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग डाव्या हाताने एकेक उचलायला लागली. खाटेवर आडवं फळकुट असतं ना जेवायचं, त्यावर मांडते. पण काहीतरी बिघडलंय रे. चित्रं उलटी ठेवते. कपाचा तळ वर, कुत्र्याचे पाय वर. मी शेजारी बसून एकेक सरळ करत जाते. ती "नं नं" करते, मी म्हणते, असू दे गं, होतं असं. उपचारवाल्या बाई म्हणाल्या, मेंदूला मार बसला की दिशांचा गोंधळ होऊ शकतो, सांगता येत नाही.

आता महत्त्वाचं. परवा मी तिला स्पष्ट विचारलं. "मावशी, इथून सुटल्यावर कुठे राहायचं तुला? तूच सांग." कार्डांचा ढीग पुढ्यात ठेवला आणि तिच्या खाटेच्या कडेला डोकं टेकलं. डोळा लागला माझा. उठले तेव्हा फळकुटावर ओळ मांडलेली होती. सगळी उलटी, नेहमीसारखी. मी सरळ केली आणि वाचली. घर. मुलगी. बस. खाट.

घरातून मुलीने बसने खाटेकडे न्यावं. शुश्रूषागृहाच्या माहितीपत्रकावरही खाटांचीच रांग आहे, ते तिच्या उशाशी होतं. मी दोनदा विचारलं, "नक्की?" ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा ठरलं. दहा मार्चला नेते. जागा मिळाली, खिडकीजवळची. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. घरी जाऊन सलग झोपले, किती दिवसांनी. तिनेच सांगितलं, त्यामुळे मन निवांत आहे. तू तुझ्या पवनचक्क्या रंगव.

ताई


३ मार्च

ताई,

तीनदा फोन लावला. तू उचलला नाहीस. वॉर्डात असशील. म्हणून हे जलद टपालाने.

तुझं पत्र मी किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रश्न सुटला, मी मोकळा. मग खाली आलो आणि डागांवर बसलो. सध्या तेच करतोय, एकेक डाग नोंदवायचा. आणि कपाचा डाग, दाराचा डाग, बसचा डाग असं करता करता माझा हात थांबला. डाग अंगठ्याचा आहे. प्रत्येक कार्डावर, चित्राच्या वरच्या कडेला. खालच्या कडेला एकही नाही.

तू एखादं चित्र हातात धर बरं. आपण सगळे खालून धरतो. अंगठा खाली. मग मावशीचा वर कसा?

मी सूचीबाईंना समोर बसवलं, जसं त्यांनी मला बसवलं होतं, आणि त्यांना कार्ड दाखवायला गेलो. त्यांना सरळ दिसावं म्हणून ठेवलं, तर माझ्या हाताकडे आली चित्राची वरची कडा. ताई, ती आयुष्यभर मुलांच्या समोर बसली. शेजारी नाही. प्रत्येक चित्र तिने समोरच्याला सरळ दिसेल असं ठेवलं, म्हणजे स्वतःला उलटं. मुलाची ओळ मुलाच्या डावीकडून सुरू व्हायची, म्हणजे तिच्या उजवीकडून. इतकी वर्षं असं केल्यावर हाताला दुसरं येईल का? बिघडलेलं काही नाही. ती तुला मुलाच्या जागी धरून मांडते आणि तू शेजारी बसून वाचतेस.

मी इथे चार कार्डं मांडली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बघितली. खाट. बस. मुलगी. घर.

मी काही सांगत नाही, तिसऱ्या मजल्यावर राहतेस तू, मी नाही. मला एवढंच दिसलं. समोर बसून एकदा विचार.

भोवरा


६ मार्च

भोवऱ्या,

फोन दिसले होते. मुद्दाम उचलले नाहीत. तू काहीतरी बोलशील आणि माझी झोप मोडेल असं वाटलं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझाच राग आला. मग फळकुटाच्या पलीकडे स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसले. ती माझ्याकडे बघून जे हसली ना, अर्ध्या तोंडाने, तसं आजारपणात एकदाही हसली नव्हती. बाई एकदाची जागेवर बसली, असं.

मी विचारलं. पहिलं कार्ड तिने हात पार आडवा नेऊन तिच्या उजवीकडे ठेवलं, माझ्या डावीला. मला सरळ दिसत होतं. खाट. मग बस. मुलगी. घर. मला काही सरळ करावं लागलं नाही.

एक सांगते, ते पोटात राहायला नको. त्या दिवशी ओळ वाचताना मला क्षणभर वाटलं होतं, दुसऱ्या टोकाकडून वाचली तर? वाटलं आणि मी ते ढकललं. मी इतकी थकलेय की मला खाटेवर संपणारी ओळच हवी होती. तिला विचारायचं विचारायचं म्हणत होते, आणि उत्तर माझ्याच बाजूने वाचून मोकळी झाले. तुझ्या बाईंना सांग, असंही होतं.

शुश्रूषागृहाला "नको" असं कळवलं. त्यांनी काही विचारलं नाही, त्यांच्याकडे रांग आहे. आता दहा तारखेला माझ्या घरी. उद्याचं काही मला माहीत नाही. थकवा कमी होईल असंही नाही, उलट वाढेल. दुकानात अर्धा दिवस मागितलाय.

मी तिला म्हटलं, "मावशी, आणणार घरी, पण जिना? मी एकटी तुला कशी चढवू?" ती ढिगात शोधत राहिली. एक कार्ड काढून "घर"च्या अलीकडे सरकवलं. खाट, बस, मुलगी, आणि मग ते, आणि मग घर.

एक पाय आहे त्याला. कुठलं ते तुला कळलं असेल.

ताई


८ मार्च

ताई,

हे पत्र आणि मी एकाच दिवशी पोचू, कदाचित मीच आधी. तरी लिहितो, कारण आत्ता फोन केला तर मी जिन्यावर आहे असं तू म्हणशील, आणि मी खरंच आहे.

पवनचक्कीवाल्याला कळवलं. तो म्हणाला, हंगाम गेला की पुढच्या वेळी बघू. त्याच्या आवाजात राग नव्हता, वाऱ्याचाच आवाज जास्त होता. इथे सूचीबाईंकडे सुट्टी मागितली. किती दिवस, विचारलं. माहीत नाही, म्हणालो. त्यांनी रजेच्या अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डाग तेवढे पुरे करून जा." केले.

जायच्या आधी मावशीच्या नव्या ओळीची नोंद केली. जुन्या गड्ड्या बऱ्याचशा मोडल्याच, त्यांच्यापुढे "क्रम माहीत नाही" असं लिहिलंय, आकडे पुसलेत. ही ओळ मात्र पक्की आहे, तुझ्या पत्रावरून. खाट, बस, मुलगी, मुलगा, घर. नोंदीत दिशेचा एक रकाना असतो. डावीकडून उजवीकडे, की उजवीकडून डावीकडे. मी बराच वेळ अडलो. तिच्या बाजूने भरायचं की बघणाऱ्याच्या? सूचीबाई म्हणाल्या, "पडद्यासमोर जो बसेल तो कुठे बसलेला असेल?" मुलाच्या जागी, म्हणालो. मग डावीकडून उजवीकडे भरलं, आणि खाली शेऱ्यात लिहिलं, मांडणारी समोर बसलेली आहे.

आता जिन्याचं. हात असलेली लाकडी खुर्ची काढून ठेव, घडीची नको. किल्लीवाल्याने पट्टे दिलेत, बिनकुलपाच्या किल्ल्यांचे जुडगे बांधायचे, मजबूत आहेत. खुर्चीची पाठ वरच्या पायरीकडे करायची, म्हणजे ती खाली बघत वर जाईल. तू वरून धर, वजन कमी पडतं. वरून धरणाऱ्याला तिचा अंबाडा दिसतो, खालून धरणाऱ्याला तोंड.

मी खालून धरतो. वाटेत काही सांगायचं झालं तर मी समोर असेन.

भोवरा